पास्कू, म्हातारी घरी कशी येते?

पास्कू,

तुझा तीळ उजव्या गालावर गेलाय.

तुझ्या महिन्याच्या मिस्साची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना चर्चच्या हॉलमध्ये बसवलं, हातात चहा-समोसे दिले आणि तुझ्या कुवेतच्या चुलतभावाने पडद्यावर तुला चालू केलं. पंखा चालू करतात तसं. तुझा एक फोटो त्याने कुठल्याशा ॲपमध्ये घातला होता आणि ॲपने तुला हलवलं होतं. तू मान डोलावलीस. पापण्या मिटल्यास. मग सगळे दात दाखवून हसलास, जे तू उभ्या आयुष्यात एकदा सोडून केलं नाहीस, कारण तुझ्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता आणि तो झाकायला तू ओठ मिटूनच हसायचास. ॲपने दातही भरून दिला. मग परत मान, परत पापण्या, परत दात. मागे व्हायोलिन. बायका डोळ्यांना रुमाल लावत होत्या. मी समोसा बशीत परत ठेवला.

फोटो उलटा होता रे. आरशातल्यासारखा. भांग भलतीकडे, शर्टाचा खिसा उजवीकडे, आणि डाव्या गालावरचा तो मसुराएवढा तीळ पलीकडे जाऊन बसलेला. हॉलभर माणसं, त्यातली निम्मी तुझी नातलग, उरलेली तुझे विद्यार्थी. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारी बसलेल्या तुझ्या आईने तेवढं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सुधीर, हा कोण?"

मी म्हटलं, "मावशी, समोसा खा."

तू असतास तर चप्पल फेकली असतीस. पडद्यावर नाही, माझ्यावर. कारण आपल्या दोघांत माणसं उलटी करायचा धंदा माझा होता.

हे छापून येणार आहे, तेव्हा ज्यांना आपला उद्योग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तोवर तू पेन्सिलीला टोक कर.

तू चित्रकलेचा मास्तर, वसईतल्या होळी गावचा, वाडीत विहीर आणि केळी असलेला. मी माणिकपूरचा फ्लॅटवाला, दिवसभर बँकांची सॉफ्टवेअरं दुरुस्त करणारा. तुझं नाव पास्कल. त्या नावाची कॉम्प्युटरची एक भाषा आहे, हे मी पहिल्याच भेटीत तुला ऐकवलं, तेव्हा म्हणालास, "मग तिच्याकडूनच करून घे काम, मला चित्रं काढू दे." आणि पुढे खूप वर्षांनी आपण मोबाइलवरचा खेळ करायला घेतला. खेळ साधा. लाल लुगड्यातली एक म्हातारी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन होळीहून निघते, दारोदार विकत बाजारापर्यंत जाते आणि परत येते. वाटेत कुत्री, खड्डे, स्कूटरवरची पोरं आणि एक बैल. पाटी पडली की खेळ संपला. म्हातारी म्हणजे तुझी आई. हे तू कधी कबूल केलं नाहीस आणि लपवलंही नाहीस.

पडद्यावरच्या अशा हलत्या चित्राला स्प्राइट म्हणतात. हलतं म्हणजे काय, तर एका पावलाची चौदा वेगवेगळी चित्रं तू काढायचीस आणि ती एकापाठोपाठ एक दाखवून म्हातारी चालतेय असं मी लोकांना फसवायचं. तुझा भाग कलेचा, माझा फसवणुकीचा. आणि फसवणूकसुद्धा मला धड जमली नाही, हे तुला पाठ आहे, तरी परत सांगतो, कारण आता मधेच तोडायला तू नाहीस.

पहिल्यांदा काय केलं? दर चित्राला फोनच्या पोटात हात घालून ते नव्याने बाहेर काढलं. म्हणजे आमटी करताना हळदीसाठी एकदा दुकानात जायचं, मिठासाठी एकदा, मोहरीसाठी परत एकदा. म्हातारी चार पावलं चालली आणि फोन तापला. तू तो दोन बोटांनी उचललास, तळव्याला लावलास आणि घरात ओरडलास, "आई, भाकरीचं पीठ मळलंय का?"

मग मला कळलं की सगळी चित्रं एकाच मोठ्या कागदावर ठेवायची, फोनने तो कागद एकदाच उचलायचा आणि हवा तेवढाच तुकडा दाखवायचा. तू आनंदाने कार्डशीट घेतलंस आणि नजरेच्या अंदाजाने म्हाताऱ्या मांडल्यास. मी न बघता त्याचे सारखे चौकोन पाडले. तुझ्या म्हाताऱ्या सारख्या अंतरावर नव्हत्या. शेजारणीचा पाय हिच्या चौकोनात आला. आपली म्हातारी दर तिसऱ्या पावलाला तीन पायांवर चालायला लागली. आठवडाभर तू माझा फोन घेतला नाहीस, आणि घेतलास तेव्हा एवढंच म्हणालास, "दोघींमध्ये बोटभर जागा सोडलीय आता. माणसांमध्ये पण सोडायची असते, तुला सांगून उपयोग नाही."

तिसरी फजिती तर गावच्या सणाच्या दिवशी, तुमच्या ओटीवर, अख्ख्या खानदानासमोर. मी म्हातारीची चाल फोनच्या वेगाला बांधून ठेवली होती. माझ्या जुन्या फोनवर ती रमतगमत जायची. याच कुवेतवाल्याने आपला नवा कोरा फोन पुढे केला आणि त्यावर म्हातारी जी सुटली! पाटीसकट, लुगडं फडकवत, कुत्र्यांना मागे टाकून, बैलाच्या अंगावरून. तुझ्या आईने ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मी काय चोरी करून पळतेय?"

तू इतका हसलास की दाताचा टवका सगळ्यांना दिसला. तोच हसणारा पास्कू मला आठवतो. पडद्यावरच्या त्या बत्तिशीवाल्याला मी ओळखत नाही.

आता भांडण.

म्हातारी जाताना उजवीकडे जाते, येताना डावीकडे. असल्या वेळी जगभरचे माझे जातभाई एकाच बाजूची चाल काढून घेतात आणि परतीला तीच आरशासारखी उलटी करतात. एका ओळीचं काम, फोनची जागाही वाचते. मी ते केलं आणि शाबासकीसाठी तुझ्यासमोर धरलं.

तू बराच वेळ बघितलंस. मग विचारलंस, "आईचा कुठला गुडघा दुखतो?"

"डावा."

"आणि ही परत येताना कुठल्या पायाने लंगडते?"

मी बघितलं. उजव्या.

"ऑपरेशन न करता गुडघा बदललास. पदर पण बदललास. बाजारात नवीन खांदा मिळतो का रे?"

मी म्हटलं, कोण बघतंय पास्कू? फोन तळहाताएवढा, म्हातारी अंगठ्याएवढी, तिचा गुडघा तो केवढा! तू म्हणालास, "मी बघतोय." आणि येतानाची चौदा चित्रं वेगळी काढायला बसलास.

दोन वर्षं, पास्कू! मी रविवारी दुपारी यायचो, तू कागदावर वाकलेला असायचास. काढायचास, खोडायचास. मी टोमणे मारायचो की एवढ्या वेळात खऱ्या म्हातारीचे दोन्ही गुडघे बदलून झाले असते. तू एकच रडगाणं गायचास, "पाय नीट पडत नाही रे. जाताना ती वेगळी लंगडते, येताना वेगळी. मी रोज ओटीवर उभा राहून बघतो. काहीतरी जुळत नाही." मी म्हणायचो, तुझं डोकं जुळत नाही. सात चित्रं झाली. सातव्यात तिचा दुखरा पाय वर उचललेला आहे.

मग तू गेलास.

बातमी आली तेव्हा मी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर उभा होतो. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? तुझी आई? तुझा चेहरा? छे. पहिलं आलं ते, "सातच झालीत." तीस वर्षांपासूनचा दोस्त गेला आणि हा गृहस्थ चित्रं मोजतोय. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. पायाशी झाकण नसलेलं गटार होतं, त्याचा वासही त्यापुढे बरा वाटला.

तसं पाहिलं तर महिनाभर मला सगळ्याचीच किळस येतेय. ग्रुपवर पडलेल्या जोडलेल्या हातांच्या रांगेची. त्या रांगेत मधेच कुणीतरी टाकलेल्या वन-बीएचकेच्या जाहिरातीची. "ते आपल्यातून गेले नाहीत" असं म्हणणाऱ्यांची. गेलायस तू, चांगला गेलायस. खुर्ची रिकामी आहे, मी बघून आलोय.

आणि सगळ्यात जास्त त्या कंपनीची. आपला खेळ बाजारात आणायला जी कंपनी तयार झाली होती, तिथल्या एका मुलाचा व्हिडिओ कॉल आला. गोड मुलगा. म्हणाला, "सर, व्हेरी सॅड. खूप टॅलेंटेड होते." मग श्वास घेण्यापुरता थांबला. "सर, ते लेफ्ट वॉकचं काय करायचं?"

त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्टँडवर मीही तेच म्हणालो होतो.

त्याचं म्हणणं असं, की एक तर उजवी चाल उलटी करा, नाहीतर सरांची स्टाइल मशीनला शिकवू, उरलेली सात चित्रं मशीन काढेल. महिनाअखेरपर्यंत यातलं काही ठरलं नाही तर खेळ ते सोडून देणार. दुसऱ्या दिवशी त्याने नमुना पाठवलाच. पास्कू, तुझ्याच रेषा, तुझंच लाल. म्हातारी साबणावरून घसरल्यासारखी गुळगुळीत चालत होती. पाटी डोक्याला न टेकता चार बोटं वर तरंगत होती. एका पायाला सहा बोटं. आणि गुडघा एकदम ठणठणीत! मशीनने दुखणंच काढून टाकलं होतं, तुझ्या दाताचा टवका बुजवला तसं. शिसारी आली. पण खरं सांगू? पहिल्या नजरेला मला ती बरी वाटली होती. शिसारी आली ती त्याचीच जास्त.

मग मला मर्दुमकी सुचली. म्हटलं, मीच काढतो. तुझ्यासारख्याच पेन्सिली आणल्या, खोडरबर आणलं, जेवणाचं टेबल अडवलं. चार चित्रं काढून बायकोला दाखवली. ती चष्मा लावून म्हणाली, "शहामृग छान आलाय. पण त्याच्या डोक्यावर पाटी का?"

शेवटी शनिवारी दुपारी होळीला गेलो. म्हातारी जिची आहे तिलाच विचारावं म्हणून. खेळ उलट्या गुडघ्याने जाऊ दे, की मशीनच्या गुडघ्याने, की जाऊच नको दे.

तुझी आई विहिरीजवळ बसून अळूच्या जुड्या बांधत होती. तुमच्या शेजारच्या वाडीत आता निळे पत्रे लागलेत, आतून काँक्रीट घोटायचा आवाज येतो. तू ज्या दगडी पायरीवर बसून चित्रं काढायचास तिथे केळफुलांची टोपली होती. मी ती हलवली नाही, जमिनीवर बसलो. मावशी तुझ्याशी घरच्या बोलीत बोलायच्या, ती मला अजून निम्मीच कळते. माझ्याशी पहिल्यापासून शाळेतलं मराठी.

"जेवलास?"

"हो मावशी."

"खोटं बोलतोस. भात आहे, निवट्यांचं कालवण आहे."

जेवून परत आलो आणि फोन पुढे केला. म्हटलं, "मावशी, ही तुम्ही."

त्यांनी हात लांब करून फोन धरला. "एवढी जाडी?"

"पास्कूने काढलीय."

"त्याला काय जातंय. भात कालवायला मी आणि जाडी पण मीच."

पण बघत राहिल्या. म्हातारी दारोदार थांबत चालली. कुत्रं आलं. "हा तर आमचा काळ्या!" खड्डा आला. "हा चर्चसमोरचा. हा पण काढला?" म्हातारी बाजारात पोचली, पाटी रिकामी झाली, ती वळली. सात चित्रं. दुखरा पाय उचलला गेला आणि तसाच राहिला.

"पाय खाली का ठेवत नाही ही?"

"पुढची चित्रं नाहीत मावशी."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला. एक जुडी बांधली. दुसरी बांधली. शेजारचं मशीन थांबलं आणि परत सुरू झालं. मग मी आपलं भांडण सांगितलं, आरशाचं, गुडघ्याचं, कंपनीचं, सगळं. म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं करतो.

"एवढं दोन वर्षं चाललं होतं तुमचं?"

"हो."

"मला विचारायचं ना. येताना मी चालत कुठे येते?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"रिक्षाने येते मी. शेअरच्या."

"कधीपासून?"

"गुडघ्याने धरलं तेव्हापासून. जाताना घरोघरी भाजी द्यायची असते, चालावंच लागतं. येताना कशाला तंगडतोड?"

"पण पास्कू तर रोज तुम्हाला चालत येताना बघायचा!"

मावशींनी आधी दाराकडे बघितलं. खरंच बघितलं, पास्कू, तू आत असल्यासारखं. मग आवाज खाली केला. "डॉक्टरने त्याला सांगितलं, आईला चालवा, बसू देऊ नका. झालं! शाळेतून आला की ओटीवर उभा. चालत आलीस ना? चालत आलीस ना? मग मी काय करायची, नाक्यावरच्या क्रुसाजवळ उतरायची. तिथून दारापर्यंत चालत."

"आणि तेवढ्यात एवढं लंगडायचात?"

"थोडं जास्तच लंगडायची." त्या हसल्या. "बाजारापासून चालत आलेली बाई दिसायला नको?"

मीही हसलो. किती दिवसांनी हसलो! आपण दोन शहाणे. एकाने तिच्या चालीसाठी कागदांचा ढीग केला, दुसऱ्याने त्याच्यापुढे आरसा धरला, आणि ती बाई दहा फुटांवर बसून भाजी निवडत होती. तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

हसता हसता त्या एकदम म्हणाल्या, "पण पास्कूला सांगू नको हं."

हात तसाच राहिला, दोरा अर्धा गुंडाळलेला. मग त्यांनी ती जुडी पूर्ण केली आणि माझ्या पिशवीत टाकली. "अळू घेऊन जा. बायकोला म्हणावं, चिंच जास्त घाल, नाहीतर खाजेल."

घरी येऊन तुझा मोठा कागद उघडला. बाजाराच्या देखाव्यात कोपऱ्यात एक रिक्षा आहे, तू नुसती शोभेला उभी केलेली. तुझ्याच हातची, मडगार्ड चेपलेलं, मागे फुलांचा हार. तीच उचलली. रिक्षा उलटी केली तरी रिक्षाच राहते, तिला ना गुडघा ना पदर. वर-खाली हलवायला नवी चित्रंसुद्धा लागली नाहीत, वसईचा रस्ता मी दोन ओळींत लिहिला. म्हातारी आत बसते, बाहेर फक्त रिकाम्या पाटीची कड दिसते. क्रुसाजवळ रिक्षा दोन झाडांच्या आड थांबते, म्हणजे उतरतानाचं चित्रच लागत नाही, आणि रिक्षा निघून जाते तेव्हा म्हातारी घरासमोर उभी असते. तिथून तुझी सात चित्रं. पाय उचलला जातो, उंबऱ्याच्या अगदी पुढ्यात, आणि पडदा काळा.

एकही रेष माझी नाही, मशीनची नाही. पदर जागेवर, गुडघा डावाच.

कंपनीच्या मुलाचा निरोप आला. "सर, शेवटी म्हातारी दारात अडकते. बग आहे का?" मी कळवलं, "बग नाही, उंबरा आहे." खेळ घेणार की नाही, ते अजून कळवलेलं नाही. न घेतला तर न घेवो. तुझा आभारी आहे मी, हे तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर तू कपाळाला हात लावून ताप बघितला असतास. पण तू नसतास तर जगातली प्रत्येक गोष्ट एका ओळीत उलटी करून मी खुशाल झोपलो असतो.

कुवेतवाल्याला फोन करून तुझा तीळ जागेवर आणायला सांगितलं. तो म्हणाला, "कोण बघतंय दादा?" पुढचं मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे.

आणि आईने सांगू नको म्हटलं होतं, ते सांगून टाकतोय, कारण तू त्या पायापायी खोडरबरं झिजवलीस आणि मी तुला वेड्यात काढलं. तुझं चित्र चुकत नव्हतं, पास्कू. तू बरोबर बघत होतास. म्हातारी खोटं लंगडत होती.